दोनशे वर्षांचा एक अंक

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मध्ये चिखलोली येते. धरण, कारखाने, नव्या इमारतींच्या रांगा असे तिचे आजचे रूप. वस्तुसंग्रहालय म्हणावे अशी वास्तू येथे नाही. म्हणून मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला ‘जुने काही’ दाखवायचे ठरले, तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना जवळच्याच शिवमंदिरात, अंबरनाथला नेले. वर्गातील बहुतेकांनी महाशिवरात्रीची तेथील गर्दी पाहिलेली होती. मंदिर मात्र पाहिलेले नव्हते.

वालधुनीच्या काठी हे मंदिर उभे आहे. नदीचे नाव घेतले की आता शिल्पांआधी रसायनांचा दर्प आठवतो, हे दुर्दैवाने खरे आहे. भूमिज शैलीतील या मंदिराचा गाभारा मंडपाच्या पातळीहून बराच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. वर शिखर पूर्ण नाही. चिखलोलीच्या एका विद्यार्थिनीने आजीकडून ऐकलेले कारण सांगितले : पांडवांनी एका रात्रीत मंदिर बांधायला घेतले, उजाडले आणि काम अर्धे राहिले. आमच्यापैकी एकाने ‘ही दंतकथा’ असे म्हणून विषय मिटवला. हे घाईचे झाले. वर आकाश उघडे का, हा प्रश्न तरी त्या कथेने विचारला होता. ज्या लेखाच्या आधारे आम्ही तिला गप्प केले, तो याविषयी काहीच सांगत नाही.

हा लेख उत्तरेकडील दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूस कोरलेला आहे. त्यातून आपल्याला शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजे मुम्मुणी, त्याचे अमात्य आणि छित्तराजदेवाचे ‘भवन’ कळते. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ. खाली उभे राहून मान कितीही वर केली तरी झिजलेली अक्षरे नीट लागत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनाही लागली नाहीत. पण ती न लागण्याचाच एक इतिहास आहे, आणि त्या दिवशी आम्हाला खरे तर तोच शिकवायचा होता.

एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला आणि त्यातील काळ शके ७८२, म्हणजे इ. स. ८६० असा दिला. अजिंठ्याच्या लेखांवर काम केलेला हा माणूस. अशाच्या वाचनावर कोण शंका घेणार? शंका घेतली ती भगवानलाल इंद्रजींनी. ते भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले, त्यांच्यासाठी ठिकठिकाणी हिंडून लेखांचे ठसे व नकला घेणारे पंडित. त्यांनी पहिला अंक सातऐवजी नऊ वाचला. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले.

विद्यार्थ्यांनी साहजिकच विचारले, दोघांपैकी बरोबर कोण, हे दगड पुसट असताना ठरवायचे कसे? उत्तर राजाच्या नावात आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांवरून इ. स. ८६० च्या सुमारास उत्तर कोकणात शिलाहार कपर्दी (दुसरा) सत्तेवर होता, राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून. तेथे माम्वाणीला जागाच नाही. त्याची जागा अकराव्या शतकात आहे. अक्षर एकट्याने वाचता येत नाही, ते इतर लेखांच्या सोबतीने वाचावे लागते. संहितेच्या पाठभेदांविषयी आम्ही वर्गात वर्षानुवर्षे जे सांगत आलो, ते येथे दगडात होते.

आणि शके ९८२ हा आकडा मराठीच्या माणसाला थबकवतो. दिवेआगरचा प्रसिद्ध ताम्रपट त्याच शकातला. राज्य तेच, साल तेच. अंबरनाथच्या मंदिरावरचा लेख संस्कृतात आहे. दिवेआगरची नोंद मराठीत. देवाच्या दारावर संस्कृत आणि गावच्या व्यवहारात मराठी अशी ही वाटणी आमच्या मते योगायोगाची नाही, मात्र दोन लेखांवरून सिद्धान्त उभारू नये हेही खरे.

दिवेआगरवरून बोलणे अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाकडे वळले. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला, आणि त्यामुळे आद्य मराठी शिलालेखाचा मान श्रवणबेळगोळऐवजी अक्षीला देण्याचा प्रवाह सुरू झाला. इतर काही अभ्यासक मात्र लेखातील केशिदेवराय हा केशिदेव दुसरा मानून तोच दगड तेराव्या शतकाच्या आरंभी ठेवतात. पुन्हा दोनशे वर्षांचेच अंतर! अंबरनाथचा वाद मिटला, अक्षीचा मिटलेला नाही. वर्गात आम्ही आजवर १०१२ हे साल फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारत आलो होतो. विद्यार्थ्यांनी ते आठवणीने सांगितले आणि आम्हाला त्या मंडपात उत्तर सुचले नाही.

परतल्यावर चाचणी होती. प्रश्न जुनाच : आद्य मराठी शिलालेख कोणता व त्याचा काळ कोणता? गुण एक. चिखलोलीच्या त्या विद्यार्थिनीने अक्षी लिहिले, पुढे १०१२ लिहिले आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘किंवा तेरावे शतक, वाचनावर अवलंबून’ अशी ओळ जोडली. नमुना उत्तरात एकच साल होते. आम्ही तिला गुण दिला आणि नमुना उत्तराचा कागद बदलायला घेतला.