सुरक्षाप्रधान परिचालन प्रणाली आणि मेज-संगणकाची यंत्रसामग्री

परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाची स्मृती, प्रक्रियक व जोडउपकरणे यांचे वाटप व नियमन करणारी मूलभूत आज्ञावली होय. जिच्या रचनेत वेग व सोय यांपेक्षा माहितीचे रक्षण आणि कार्यांचे विलगीकरण यांना अग्रक्रम दिलेला असतो, तिला सुरक्षाप्रधान परिचालन प्रणाली म्हणतात. अशी प्रणाली ज्या यंत्रावर चालते, त्या यंत्राहून ती अधिक विश्वसनीय असू शकत नाही. त्यामुळे यंत्रसामग्रीची निवड हा संगणक सुरक्षेच्या इतिहासातील एक मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

प्रारंभ : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा अंकीय संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यावर आजच्या अर्थाने परिचालन प्रणाली नव्हती. खोलीचे कुलूप हीच सुरक्षा होती. मोठे संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची प्रथा पडल्यावर एकाची माहिती दुसऱ्यापासून राखण्याची गरज निर्माण झाली. १९६५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मल्टिक्स प्रकल्पाने अधिकारांची एकात एक अशी वलये कल्पिली आणि पुढे हनीवेल ६१८० या संगणकात ती प्रत्यक्ष मंडलांमध्येच बसविण्यात आली. अमेरिकी वायुदलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये सादर केलेल्या अहवालात रक्षक यंत्रणेच्या तीन कसोट्या सांगितल्या आहेत : ती टाळता येऊ नये, तिच्यात फेरफार करता येऊ नये आणि पूर्ण तपासता येईल इतकी ती लहान असावी. आजची निवडही याच कसोट्यांवर होते.

वैयक्तिक संगणकाने मात्र ही परंपरा काही काळ खंडित केली. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रक्रियकात स्मृतिसंरक्षणाची सोय नव्हती. कोणतीही आज्ञावली संपूर्ण स्मृती वाचू शके. ही उणीव ८०२८६ (१९८२) व ८०३८६ (१९८५) या प्रक्रियकांनी भरून काढली. २००३ मध्ये स्मृतीचा एखादा भाग ‘चालविण्यास अयोग्य’ ठरविण्याची सोय एएमडीच्या ६४ बिटी प्रक्रियकांत आली. त्याच वर्षी ओपनबीएसडी या प्रणालीने लिहिता येणारी स्मृती चालविता येऊ नये, हा नियम अंगीकारला.

विलगीकरणाचे तत्त्व : इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आभासीकरणास साहाय्य करणारे प्रक्रियक आणले. त्यामुळे एका यंत्रात परस्परांपासून अलग असे अनेक आभासी संगणक कार्यक्षमतेने चालविणे सुलभ झाले. पोलंडमधील जोआना रुत्कोव्स्का यांनी २०१० मध्ये जाहीर केलेली क्यूब्स ही प्रणाली याच पायावर उभी आहे. तीत बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार व अनोळखी कागदपत्रे स्वतंत्र कप्प्यांत राहतात. एक कप्पा दूषित झाला, तरी दुसऱ्यास बाधा पोहोचू नये असा हेतू असतो.

निवडीचे निकष : क्यूब्सच्या चौथ्या आवृत्तीस स्मृतीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतर करणारा ६४ बिटी प्रक्रियक लागतो. उपकरणांना स्मृतीतील ठराविक भागापुरतेच बांधून ठेवणारी सोयही लागते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-डी म्हणतात. ती नसल्यास दूषित नेटवर्क कार्ड थेट मुख्य स्मृतीत हात घालू शकते. अनेक मदरबोर्डांत ही सोय असूनही बंद ठेवलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी पुस्तिका पाहणे श्रेयस्कर. किमान ६ जीबी स्मृती चालते. तथापि प्रत्येक कप्पा स्मृतीचा आपला वाटा घेत असल्याने १६ जीबीची शिफारस करण्यात येते. इंटेलच्या अंगभूत चित्रमंडलाने अडचणी कमी येतात.

मेज-संगणकात कळफलकाचा प्रश्न विशेष नाजूक आहे. यूएसबी नियंत्रक वेगळ्या कप्प्यात कोंडला, तर त्याच नियंत्रकावरील कळफलकही त्या कप्प्याच्या स्वाधीन होतो. यासाठी पीएस/२ पद्धतीचा जुना कळफलक किंवा दुसरा स्वतंत्र यूएसबी नियंत्रक योजतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारात सुटे भाग निवडून संगणक जुळविण्याची रीत आहे. भागवार निवड करणे तीमुळे शक्य होते. नागपूरच्या मनीषनगरसारख्या वसाहतीत घरातूनच व्यवसाय करणाऱ्या करसल्लागारास किंवा वकिलास अशी निवड बाजारभावातच साधता येते.

मर्यादा : प्रक्रियकाच्या आतही वापरकर्त्याच्या नियंत्रणाबाहेरचे भाग असतात. इंटेलच्या व्यवस्थापन यंत्रणेशी निगडित दूरनियंत्रण सोयीत २०१७ मध्ये गंभीर दोष उघड झाला. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांनी प्रक्रियकाच्या वेगवर्धक युक्त्याच गुपिते फोडतात, हे दाखविले. त्या वर्षी ओपनबीएसडीने एका गाभ्यावर दोन कार्यधारा चालविण्याची सोय मूळ मांडणीत बंद केली. वेग सोडून सुरक्षा घेण्याचे हे उदाहरण बोलके आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : जून १९९८ मध्ये परकीय तरुणांच्या एका गटाने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक आज्ञावलीमुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. भीमा-कोरेगाव प्रकरणातील नागपूरच्या एका वकिलाच्या संगणकात दूरनियंत्रक आज्ञावलीद्वारे कागदपत्रे घातली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका न्यायसाहाय्यक संगणक-तज्ञसंस्थेने २०२१ मध्ये मांडला. याच प्रकरणातील अशा अहवालांवर विसंबण्यास तपास यंत्रणेने न्यायालयात आक्षेप घेतला आहे. निर्णय कोणताही होवो, संगणकातील मजकूर हा पुरावा मानताना त्या यंत्राची विश्वसनीयता तपासावी लागते, हे या वादाने स्पष्ट केले.

स्वदेशी प्रयत्न : पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकने लिनक्सवर आधारित बॉस ही प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये माया ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने २०१९ मध्ये अजित हा ३२ बिटी प्रक्रियक सादर केला. तो १८० नॅनोमीटर तंत्राने बनलेला असून लहान, अंतःस्थापित उपकरणांसाठी आहे; मेज-संगणकाची गरज तो भागवीत नाही. प्रणाली देशी आणि तिच्याखालचा प्रक्रियक परदेशी, अशी एकंदर स्थिती आहे. अँडरसन यांची तिसरी कसोटी, म्हणजे पूर्ण तपासता येण्याजोगी रचना, अब्जावधी ट्रँझिस्टरांच्या आजच्या प्रक्रियकास लावणे दुरापास्त आहे. त्यामुळे निवड करणाऱ्यास निर्दोष यंत्र मिळत नाही. कोणत्या भागावर विश्वास ठेवावा लागतो हे जाणून तो भाग शक्य तितका लहान ठेवणे, एवढेच त्याच्या हाती असते.