परक्या नगरीचे देणे

महाविद्यालयातील नेमणुकीचे पत्र हाती पडले म्हणजे घरात आनंद होतो, आणि त्याच पत्रातील गावाचे नाव दुसऱ्यांदा वाचले म्हणजे तो आनंद काहीसा ओसरतो. गाव दूरचे, भाषा निराळी, ओळखीचे एकही घर नाही. बिऱ्हाडाला जागा कोठे मिळावी, जेवणाखाणाची सोय कशी लागावी, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, वृद्ध आईवडिलांना बरोबर न्यावे की मागे ठेवावे, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी मंडळींना हे प्रश्न नवे वाटणार नाहीत. यांतील कितीतरी घराण्यांचा मूळ पुरुष केव्हातरी चाकरीच्या निमित्तानेच तेथे आला आणि मग तेथलाच होऊन राहिला.

परंतु ती चाकरी बहुधा दरबारची, फौजेची किंवा दप्तराची असे. पगारी प्राध्यापक म्हणून दूरदेशी जाणे हा प्रकार इंग्रजी अमदानीतला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली निघाली. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे जबलपूर-अलाहाबादमार्गे लोहमार्गाने जोडली गेली. पूर्वी विद्यार्थी गुरूच्या शोधात काशीला जात असे. आता महाविद्यालये अध्यापकाच्या शोधात हजार हजार मैलांवर पत्रे धाडू लागली. त्या काळातील दोन अध्यापकांची हकीकत मी आज सांगणार आहे. एक बंगाली गृहस्थ बडोद्यास आला. दुसरा गोमंतकीय गृहस्थ कलकत्त्यास गेला. दोघांचीही नावे आपणांस परिचित आहेत, पण ती सहसा एकत्र घेतली जात नाहीत.

पहिले अरविंद घोष. जन्म कलकत्त्याचा, १८७२ सालचा. वडील डॉक्टर कृष्णधन घोष हे विलायती राहणीचे एवढे अभिमानी की, मुलांना हिंदी भाषांचा आणि चालीरीतींचा वाराही लागू नये, अशी त्यांची इच्छा होती. वयाच्या सातव्या वर्षी अरविंद इंग्लंडला गेले. मँचेस्टर, लंडन आणि केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. ग्रीक आणि लॅटिन या भाषांत त्यांनी प्रावीण्य मिळविले. सिव्हिल सर्व्हिसची लेखी परीक्षाही ते उत्तम रीतीने उतरले, पण घोडदौडीच्या परीक्षेत ते राहिले आणि सरकारी नोकरीचा मार्ग बंद झाला. त्याच सुमारास सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणास दरमहा दोनशे रुपयांवर आपल्या नोकरीत घेतले, आणि १८९३ च्या फेब्रुवारीत अरविंद घोष मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरून बडोद्यास रुजू झाले.

जरा विचार करावा. परक्या गावी जाणाऱ्या मनुष्याला निदान मागे सोडलेले एक आपले गाव असते. या वीस वर्षांच्या तरुणाला तेही नव्हते. बडोदे जितके परके, जवळजवळ तितकीच जन्मभूमीही परकी. मातृभाषा सिव्हिल सर्व्हिसच्या अभ्यासापुरती कानावरून गेलेली. त्यात बडोद्याचे राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती. अशा नगरीत एका इंग्रजाळलेल्या बंगाल्याने राहावयाचे कसे?

आरंभी त्यांची नेमणूक जमाबंदी, महसूल अशा खात्यांत झाली. महाराजांची पत्रे आणि भाषणे यांचे मसुदे तयार करण्याचेही काम त्यांच्याकडे येई. १८९७ पासून ते बडोदे कॉलेजात फ्रेंच आणि पुढे इंग्रजी शिकवू लागले. वर्गातला एक अनुभव त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. सदी या ग्रंथकाराने लिहिलेले नेल्सनचे चरित्र ते शिकवीत होते. विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, आपण सांगता ते छापील टिपणांशी जुळत नाही. इंग्लंडात शिकून आलेल्या या अध्यापकाला मुले बोललेला शब्द न् शब्द उतरून घेऊन पाठ करतात याचेच नवल वाटले. टिपणे तर त्यांनी वाचलीही नव्हती. परक्या गावी आलेल्या अध्यापकाला भाषेच्या आधी ही गोष्ट शिकावी लागते: आपण जेथून आलो तेथली विद्येची रीत आणि ही रीत एक नव्हे. ती सुधारावयाची की तिच्याशी जुळवून घ्यावयाचे, याचा निर्णय त्याला रोज वर्गाच्या दाराशी करावा लागतो.

पण बडोद्याने त्यांना जे दिले ते वर्गाच्या बाहेर. खासेराव जाधव आणि त्यांचे बंधू माधवराव यांच्या रूपाने त्यांना घर मिळाले. केंब्रिजमधील स्नेही केशवराव देशपांडे मुंबईस ‘इंदुप्रकाश’ पत्राच्या संपादनात होते. त्या पत्रात अरविंदांची राजकीय लेखमाला १८९३-९४ मध्ये आली. पुढे देशपांडेही बडोद्याच्या नोकरीत आले. दांडिया बाजारातील जाधवांच्या घरी अरविंदांचे वास्तव्य होते. येथे ते मराठी शिकले, गुजराती शिकले, स्वतःच्या खटपटीने संस्कृत शिकले. आणि आश्चर्य असे की, बंगालीही येथेच शिकले. १८९८ मध्ये दीनेंद्रकुमार रॉय हे बंगाली लेखक त्यांना मातृभाषेत तरबेज करण्यासाठी मुद्दाम बडोद्यास येऊन राहिले. रॉय यांची कल्पना होती की, विलायती पोशाखातला कोणी साहेब भेटेल. भेटला तो अहमदाबादच्या गिरणीचे जाडेभरडे धोतर नेसलेला, वर वळलेल्या टोकांचे देशी जोडे घातलेला एक कृश, शांत तरुण. मुंबईहून पुस्तकांच्या पेट्या येत आणि तो रात्र रात्र वाचीत बसे. बंगालच्या पुत्राला बंगाल सापडला तो एका मराठी राजाच्या गुजराती राजधानीत. ही काही अलंकाराची भाषा नव्हे. वस्तुस्थितीच तशी आहे.

आता दुसरी हकीकत. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म गोव्यातील सांखवाळ या गावी १८७६ साली झाला. घरी नारळाची बागाईत. शिक्षण मराठी शाळेतले, तेही तुटपुंजे. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या एका वाचनाने जीवाला हुरहूर लागली. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावा, त्यासाठी संस्कृत शिकावे, या निश्चयाने १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी त्यांची वाट होती. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. तेथून नेपाळ, बुद्धगया आणि मग सिंहलद्वीप. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणी त्यांनी पालीचे अध्ययन केले. ब्रह्मदेशातही ते राहून आले. ‘निवेदन’ या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हा सारा प्रवास त्यांनी कोणताही आव न आणता सांगितला आहे. घर सोडताना मागे राहिलेल्या माणसांचे दुःखही त्यांनी त्यातून वगळलेले नाही.

आणि येथे दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात. १९०५ साली वंगभंग झाला. सरकारी विद्यापीठाच्या बाहेर राष्ट्रीय शिक्षण देण्यासाठी १९०६ साली कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालय निघाले. त्याचे पहिले प्राचार्य म्हणून बडोद्याचे उपप्राचार्यपद सोडून अरविंद घोष गेले. पगार बडोद्यापेक्षा कितीतरी कमी. त्याच वर्षी त्याच महाविद्यालयात पाली शिकविण्यास धर्मानंद कोसंबी लागले. तेरा वर्षे पश्चिमेकडे काढून एक बंगाली स्वगृही परतत होता, आणि सात वर्षांच्या भ्रमंतीनंतर एक गोमंतकीय त्याच संस्थेत अध्यापनाचा श्रीगणेशा करीत होता.

कोसंबींजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. आजच्या नियमांनी त्यांचा अर्जसुद्धा विचारात घेतला गेला नसता. पण बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्यासारखे स्नेही त्यांना तेथे भेटले, आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुकर्जी यांना माणसाची पारख होती. विद्यापीठात पालीच्या अध्ययनाची सोय झाली आणि कोसंबी तेथे अध्यापक झाले. ज्या भाषेसाठी त्यांनी घरदार सोडले, ती शिकविण्याचे स्थान त्यांना महाराष्ट्राने नव्हे, बंगालने दिले.

येथवर ही यशाची गोष्ट झाली. पण खरी कसोटी पुढेच होती. सयाजीराव महाराजांनी त्यांना सुचविले की, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाला एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहावे. त्यासाठी तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये मिळतील. इकडे आशुतोषबाबू अडीचशे रुपये देऊन त्यांना ठेवून घेण्यास तयार होते. मान होता, विद्यार्थी होते, ग्रंथालय होते. १९०७ मध्ये गोव्यात पुत्र दामोदर याचा जन्म झाला होता, म्हणजे संसाराची जबाबदारीही वाढलेली होती. व्यवहाराच्या तराजूत हा प्रश्न क्षणभरही टिकला नसता. कोसंबींनी अडीचशे सोडले आणि पन्नास पत्करले. बुद्धाच्या उपदेशाचे ज्ञान आपल्या माणसांना आपल्या भाषेत द्यावे, हाच त्यांच्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. कलकत्त्याची खुर्ची कितीही सन्मानाची असली तरी तो हेतू तेथे पुरा होण्यासारखा नव्हता. १९०८ मध्ये त्यांनी कलकत्ता सोडले.

त्या पन्नास रुपयांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बडोद्यास त्यांची व्याख्याने झाली. ती ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूपाने आली. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली, आणि राजवाडे, बापट, भागवत यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची जी परंपरा निर्माण झाली तिचे बी असे कलकत्त्याहून परत आणलेले आहे.

अरविंदांची कथा मात्र बडोद्याला आणखी एकदा स्पर्श करून गेली. १९०७ च्या अखेरची सुरतेची काँग्रेस उधळली, त्यानंतर जानेवारी १९०८ मध्ये ते बडोद्यास आले. कॉलेजातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढीत नेली, असे सांगतात. त्याच मुक्कामात विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याकडून त्यांना साधनेची दिशा मिळाली. ज्या गावात पंधरा वर्षांपूर्वी त्यांना कोणी ओळखीत नव्हते, त्या गावाने त्यांच्या उत्तरायुष्याचे दारही उघडून दिले.

पुढे हा मार्ग रुळला. आशुतोषबाबूंनी १९१७ साली रामकृष्णपंत भांडारकरांचे पुत्र देवदत्त भांडारकर यांना प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक म्हणून कलकत्त्यास आणले. १९३६ पर्यंत ते त्या पदावर होते. त्याच विद्यापीठात १९१७ मध्ये दाक्षिणात्य रामन पदार्थविज्ञानाचे आणि १९२१ मध्ये राधाकृष्णन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. कोसंबींचे पुत्र दामोदर हे गणिती. तेही १९२९ मध्ये काशीच्या हिंदू विद्यापीठात आणि तेथून अलीगढला गेले व नंतर फर्ग्युसनमध्ये आले. विद्यापीठ मोठे होते ते बहुधा बाहेरून आलेल्या माणसांना स्थान देऊन, हा या काळाचा दाखला आहे. आपल्याच प्रांतातील, आपल्याच जातीतील, आपल्याच कॉलेजातील माणूस हवा असा हट्ट धरणाऱ्या संस्थांनी तो ध्यानात ठेवावा.

पण जाणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. परगावी गेलेली आपली मंडळी पुष्कळदा आपल्याच आळीत घर पाहतात, आपल्याच मंडळात संध्याकाळ घालवितात आणि तीस वर्षे नोकरी करून शेजाऱ्याची भाषा न शिकता निवृत्त होतात. आपला गणेशोत्सव, आपली वाचनालये जतन करावीत, यात वाद नाही. त्यांच्या आधारानेच ही मराठी घरे मराठी राहिली. परंतु अरविंद घोष जर बडोद्यात केवळ बंगाल्यांचा शोध करीत बसते, तर त्यांना ना जाधवांचे घर लाभते, ना संस्कृत, ना बंगाली. आणि कोसंबी जर सिंहल, ब्रह्मदेश आणि बंगाल येथे मन घट्ट मिटून राहिले असते, तर परत येताना त्यांच्या झोळीत महाराष्ट्राला देण्यासारखे काही नसते.

या दोघांनी परक्या नगरीला विद्या दिली हे खरेच. पण त्या नगरींनी त्यांना दिले ते अधिक मोलाचे होते: प्रत्येकाला त्याचे स्वतःचेच हरवलेले धन परत मिळाले. एकाला मातृभाषा मिळाली, दुसऱ्याला मातृभाषेची सेवा करण्याचे साधन. कलकत्त्याच्या त्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेतून १९५५ साली जादवपूर विद्यापीठ झाले. बडोदे कॉलेज १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाले. दरवर्षी तेथे कोणी ना कोणी दूरच्या प्रांतातला तरुण अध्यापक पहिल्यांदाच उतरतो, सामान खाली ठेवतो आणि अनोळखी लिपीतील पाट्या वाचण्याचा प्रयत्न करतो. त्याला भाड्याची खोली मिळवून देणारा, भाजीबाजाराची वाट दाखविणारा, सणाच्या दिवशी पानावर बोलावणारा एखादा खासेराव जाधव त्या गावात आहे काय, एवढेच पाहावयाचे. आपण स्वतः जेथे स्थायिक आहोत तेथे ते काम आपल्याकडे आहे.