मायक्रोसेकंदाशी शर्यत

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी पहिला लेसर चालवला तो छायाचित्रणातल्या फ्लॅशदिव्यावर. माणकाच्या कांडीभोवती झेनॉनच्या नळीचे वेटोळे होते. माणकाला मिलिसेकंदभर लखलखणारा दिवा पुरत असे.

द्रावणातल्या रंगद्रव्यापासून लेसर मिळवायचा, तर तो दिवा पुरेना. १९६६ मध्ये आयबीएमच्या पीटर सोरोकिन आणि जे. आर. लँकार्ड यांनी पहिला डाय लेसर, म्हणजे रंगद्रव्याचा लेसर, चालवला, पण त्याला ऊर्जा द्यायला दुसरा लेसरच वापरावा लागला. अडचण रेणूंच्या स्वभावात होती. प्रकाश मिळताच काही रेणू ‘ट्रिप्लेट’ अवस्थेत अडकतात आणि लेसरचाच प्रकाश गिळू लागतात. म्हणजे असे रेणू साचण्याआधीच, मायक्रोसेकंदाच्या आत, दिव्याला कळस गाठणे भाग होते!

१९६७ मध्ये याच जोडीने दिव्यावर डाय लेसर चालवून दाखवला. दिवा दुहेरी नळीचा, मधून रंगद्रावण वाहते आणि भोवतीच्या पोकळीत वीज कडाडते. वीज साठवणारा कपॅसिटर दिव्याला अगदी खेटून बसवला, कारण लांब तारांमुळे विजेचा झोत मंदावतो. पुढे द्रावणात ऑक्सिजन मिसळून अडकलेले रेणू मोकळे करण्याची युक्तीही सापडली आणि स्पंद लांबवता आले.

१९८० च्या दशकात असेच दिव्यावर चालणारे डाय लेसर लहान मुलांच्या चेहऱ्यावरील जन्मजात लाल डागांच्या उपचारासाठी वापरात आले.