जबलपूरचे धावते पाय

7 मार्च 1870 रोजी मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला अलाहाबादकडच्या मार्गाला जोडला गेला आणि मुंबई ते कलकत्ता सलग रुळांवरून जाता येऊ लागलं. त्याआधी या रस्त्यानं टपाल धावायचं ते माणसाच्या पायांवर. डिसेंबर 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. मराठी दरबारांचे जासूद काय किंवा पुढं कंपनी सरकारचे हरकारे काय, धावणं हाच त्यांचा पोटाचा धंदा होता. ठरलेला टप्पा तोडायचा आणि थैली पुढच्या गड्याच्या हवाली करायची, असा तो क्रम. या व्यवस्थेचं कौतुक वेगाबद्दल होतं, पण मला तिच्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. पायांवर रोज किती भार पडणार, हे आधीच ठरलेलं असे. आज हौसेनं धावणारा माणूस दहा किलोमीटरवरून थेट मॅरेथॉनवर उडी घेतो आणि नडगी, गुडघा किंवा टाचेची शीर धरून बसतो. मग त्याला ताकदीचा व्यायाम सुचवला जातो, तोही जणू परदेशातून नुकताच आलेला शोध असावा अशा थाटात.

शोध जुनाच आहे. जोर, बैठका, मुद्गल, करेला, नाल उचलणं, हौद्यातली माती फावड्यानं उकरणं हा तालमीचा नित्यक्रम होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभारी दिली. मध्य प्रदेशानं तर 2013 मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. अमरावतीत 1914 मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेची स्थापना केली तेव्हा अमरावती आणि जबलपूर एकाच प्रांतात होती, म्हणून हा वारसा जबलपूरला परका म्हणता येत नाही. मुद्गल तर गोऱ्या पलटणींनी उचलले आणि 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धाही झाली. तालमीतलं खरं शहाणपण साधनांत नव्हतं, वाढीच्या चालीत होतं. वस्तादानं सांगितल्याशिवाय पोरानं संख्या वाढवायची नाही, आणि ही वाढ महिन्यांच्या, वर्षांच्या हिशेबानं चाले.

कुणी म्हणेल, तालीम ही कुस्तीसाठी, तिचा धावण्याशी काय संबंध? आक्षेप योग्य आहे. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये 19 वा आलेला बेळगावचा फडेप्पा चौगुले असो, की त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी अनवाणी धावताना पाहिलेली शेतकरी मुलं असोत, त्यांच्या पायांत बळ आलं ते तालमीमुळेच, असं म्हणायला आधार नाही. शेतातल्या कष्टानं ते आलं असावं, हा तर्क अधिक पटणारा. पण शरीराला भार कशाचा आहे याच्याशी कर्तव्य नसतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. तो पोटरी, मांडी आणि खुब्याच्या स्नायूंनी झेलला नाही, तर हाडांवर आणि सांध्यांवर अधिक पडतो. शिवाय दम काही आठवड्यांत वाढतो, पण कंडरा आणि हाडं यांना महिने लागतात. दुखापत बहुधा याच फटीत होते.

ही फट सगळ्यात आधी ध्यानात आली ती पलटणींत. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांबच्या कवायतीनंतर सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं. क्ष-किरण आल्यावर कळलं की ती हाडाची बारीक चीर असते. जबलपूर आजही पलटणींचं गाव आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रं इथंच, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्रही इथंच. गावातून आलेल्या पोराला काही महिन्यांत सैनिक करायचं, हा अशा केंद्रांचा कायमचा पेच.

दुसरा आक्षेप याहून कठीण. 2014 मध्ये लॉअरसन आणि सहकाऱ्यांनी 25 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ताकदीच्या व्यायामानं खेळांतल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्याचं दिसलं. पण त्यातले खेळ अनेक प्रकारचे होते. उलट हजाराहून अधिक रंगरूटांवर केलेल्या 2008 च्या डॅनिश चाचणीत व्यायामाचा काहीच लाभ दिसला नाही. मग सगळं फोल? मला तसं वाटत नाही. त्या रंगरूटांची कवायत आणि तयारीचा व्यायाम एकदमच सुरू झाले होते. ताकद यायच्या आधीच भार येऊन पडला. तालीम मात्र पोराच्या अंगात आधी बळ भरून घ्यायची आणि मग त्याला मैदानात उतरवायची. तिच्यातही खोट होती, हे मान्य केलं पाहिजे. शेकड्यांनी मारलेल्या बैठका दम वाढवतात. ठरावीक मर्यादेनंतर बळ वाढवायला वजनच वाढवावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्यानं मारलेली खोल बैठक त्रास वाढवू शकते. म्हणून संख्येपेक्षा नाल आणि जड मुद्गलाची बाजू आज उपयोगाची. सैन्यभरतीत 1.6 किलोमीटर धावणं असतं, बीमवर हात तपासले जातात, नऊ फुटी खड्डाही ओलांडावा लागतो. पोटरीनं सावकाश किती वजन पेललं, हे मात्र त्यात कुठंच मोजलं जात नाही, आणि भरतीची तारीख जाहीर झाल्यावर सरावाला लागणारा मुलगा मोजलं जातं तेवढंच करतो.