आज्ञापत्रांतील झाडें आणि घरचें परडें

करवीर राज्याच्या साधनग्रंथांत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची योग्यता वाचकांस विदितच आहे. इ. स. १७१५ च्या सुमारास, करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यांतील झाडांविषयींचा उतारा हल्लीं शिवछत्रपतींचें पत्र म्हणून जागोजाग छापला जातो. त्यामागील धोरण शिवकालीन असेल. परंतु उतारा अमात्यांच्या ग्रंथांतील आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

दुसरी चूक वाचनाची. आरमाराच्या प्रकरणांतील निषेध तेवढा सर्वांच्या तोंडीं आहे : रयतेचे आंबे-फणस बळानें तोडूं नयेत. दुर्गप्रकरणांतील विधीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. तेथें गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ हे थोर वृक्ष, निंबें-नारिंगें हीं लहान झाडें, शिवाय फुलझाडें व वेली लावण्यास सांगितलें आहे. आणि शेवटीं, उपयोगी-निरुपयोगी हा भेद न करितां, त्या स्थळीं जें झाड होत असेल तें लावून जतन करण्याची आज्ञा आहे. येथें निंबें म्हणजे कडुनिंब नव्हे. संस्कृतांत निम्ब व निम्बू हे शब्द भिन्न आहेत, आणि शेजारचा नारिंगें हा शब्द लिंबाचाच अर्थ निश्चित करितो.

अमात्यांची दृष्टि प्रसंगीं लांकूड हातीं असावें एवढीच होती. पांखरांची चिंता त्यांच्या माथीं मारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यांची यादी केवळ देशी झाडांचीहि नव्हे, कारण चिंच मूळची आफ्रिकेची, प्राचीन काळीं इकडे येऊन रुळलेली. तथापि स्थळीं होणारें झाड जतन केलें कीं त्याचे आश्रित आपोआप जगतात. वड-पिंपळांच्या फळांवर आपला राज्यपक्षी हरियाल पोसतो. निंबें-नारिंगांच्या पानांवर राणी पाखरूं अंडीं घालतें. २०१५ सालीं महाराष्ट्रानें त्यास राज्याचें फुलपाखरूं ठरविलें.

आमच्या कोल्हापुरांतील परड्यांत एक लिंबाचें झाड आहे. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या आम्ही कित्येक वर्षें वेंचून टाकीत असूं. त्या फुलपाखरांच्याच अळ्या होत, हें आम्हांस उतारवयांत कळलें. निरुपयोगी म्हणून कांहीं टाकूं नये, हा अर्थ आम्हीं आज्ञापत्रांत अनेकदां वाचला होता; परड्यांत मात्र तो वाचला नाहीं.

शहरांतील परड्यांत वड लावतां येत नाहीं. त्याच्या मुळ्या भिंती फोडतात. परंतु लिंब, कढीलिंब, कोपऱ्यांतील रुई यांस जागा पुरते. कढीलिंबावरहि लिंबाच्याच कुळांतील फुलपाखरें वाढतात, आणि रुईचीं आश्रित फुलपाखरें निराळीं आहेत. अट एकच, त्यांवर विषारी फवारा मारूं नये. मादागास्करचा गुलमोहर रस्त्यास शोभा देतो, परंतु हें काम त्याच्याकडून होत नाहीं.

संग्राहकांस विनंती अशी कीं, जुन्या दप्तरांत बागांचे जमाखर्च, रोपांच्या याद्या किंवा परड्यांचे वाटणीपत्रक आढळल्यास तें किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नये. कोणत्या घरीं कोणतें झाड होत असे, हें सांगणारा पुरावा कदाचित् त्याच कागदांत असेल. आणि तीं झाडें पुनः लावणें अद्याप आपल्या हातीं आहे.