बडोद्याच्या ग्रंथमाला आणि त्यांचा एक वाचक

श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की आपल्याकडे लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर, कमाटीबाग यांचा उल्लेख होतो. महाराजांनी छापवून घेतलेल्या पुस्तकांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते. आम्हाला ती या इमारतींपेक्षा मोठी वाटतात.

१८८१ साली राज्यकारभार हाती आल्यावर महाराजांनी सोपी, उपयुक्त पुस्तके देशी भाषांत आणवण्याचा ध्यास घेतला. इंग्रजी येणारे थोडे आणि संस्कृत येणारे त्याहून थोडे, मग बाकीच्यांनी वाचायचे काय, हा साधा प्रश्न होता. १८८९ मध्ये महाराजांचे वाचक म्हणून नोकरीस आलेले गोविंद सखाराम सरदेसाई यांनी मॅकियाव्हेलीच्या ग्रंथाचा अनुवाद ‘राजधर्म’ आणि सीलीच्या ग्रंथाचा ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ या नावाने केला. पुढचे रियासतकार ते हेच. महाराज स्वतःही वाचीत. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील गिबनचा ग्रंथ वाचून त्यांनी केलेली टिपणे १८९६ मध्ये छापली गेली. पुढे दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढून श्री सयाजी साहित्यमाला व मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला चालू झाल्या. गुजराती पुस्तकांबरोबर मराठीही निघाली. प्रजा बहुतांशी गुजराती असताना मराठीचा वाटा राखला गेला, हे आपण विसरू नये.

पण पुस्तक छापणे वेगळे आणि ते खेड्यात पोहोचणे वेगळे. अमेरिकेच्या प्रवासात तिथली ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यास आणले. राजवाड्यातला महाराजांचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला झाला. त्यातूनच आपली सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. बायकांसाठी व मुलांसाठी तिथे वेगळे विभाग झाले. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. गोष्टी-कादंबऱ्या आणि ज्ञानाची पुस्तके एकाच पेटीत. नेण्या-आणण्याचे भाडे सरकार भरी. गावाने वाचनालयासाठी वर्गणी जमवली की तितकीच रक्कम पंचायतीकडून आणि तितकीच सरकारकडून मिळे. अनुदानाच्या फायली हाताळण्यात ज्यांचे आयुष्य चालले आहे त्या आमच्यासारख्यांना ही योजना कौतुकाची वाटते. एका ओळीत सांगता येते आणि गावाला हात पसरायला लावत नाही. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने सरकारी खाते निघण्यापूर्वीच खेड्यांत वाचनालये काढायला सुरुवात केली होती, हेही सांगितले पाहिजे. श्रेय एकट्या दरबाराचे नाही.

आता एका वाचकाविषयी.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक. त्यांचे ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पुस्तक बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः नोंदवले आहे. शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांच्या समाजाने सत्काराची सभा भरवली होती. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी या मुलाच्या हातात आपले पुस्तक ठेवले. ते वाचून तो भारावून गेला. घरी रामायण-महाभारताचे वाचन करून घेणाऱ्या वडिलांना त्याने विचारले, की बौद्ध वाङ्मयाची ओळख तुम्ही आम्हाला का करून दिली नाही? पुढे केळुसकरांच्याच खटपटीने महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये बडोदे सरकारच्याच मदतीने ते न्यूयॉर्कला गेले. १९५६ मध्ये नागपुरात जे घडले त्याच्या मुळाशी अनेक गोष्टी आहेत, पण आरंभीच्या पानावर हे लहानसे मराठी चरित्र आहे.

ही हकीकत एवढ्यावर थांबवली तर आपल्याला बरे वाटेल. पण १९१७ मध्ये तेच विद्वान करारानुसार बडोद्यात नोकरीस आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही आसरा द्यायचे टाळले. कमाटीबागेत पाच तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. कचेरीतले शिपाई तर फायली लांबूनच टेबलावर फेकत. आमचेही आजे-पणजे याच शहरातल्या कचेऱ्यांत होते. ज्या राज्याने ग्रंथ काढले आणि शिष्यवृत्ती दिली, त्याच राज्याच्या राजधानीत त्या वाचकासाठी एक खोली निघाली नाही. दरबाराची पुस्तके घराघरांत गेली होती. ती वाचली किती गेली, हा प्रश्न निराळा.

आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर या मालांतली पुस्तके अजून सापडतात. पाने पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली. घर विकताना किंवा पाडताना ती वजनावर पस्तीत जातात, कारण पुढच्या पिढीला मराठी बोलता येते पण वाचायचा कंटाळा येतो. घरात असे एखादे पुस्तक निघाले तर पस्तीवाल्याला बोलावण्याआधी पहिले पान उघडून पाहावे. त्यावर मालेचे नाव आणि क्रमांक असेल, तर ते गणपती उठण्यापूर्वी मंडळाच्या कपाटात आणून ठेवावे.