आगबोटीच्या दांड्याचा नाद

जालना जिल्ह्यांतील जांब समर्थ हें गोदावरीच्या उत्तरेकडील गांव. समुद्र येथून सुमारें २०० मैल दूर. तथापि ह्या गांवच्या सुपुत्राचें नांव एके काळीं कोंकणच्या समुद्रावर फिरत होतें. १६०८ सालीं जांबेस जन्मलेले नारायण सूर्याजीपंत ठोसर पुढें समर्थ रामदास म्हणून विख्यात झाले, आणि मुंबईहून रेवसकडे जाणाऱ्या एका आगबोटीस तेंच नांव मिळालें. लग्नमंडपांत ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच नारायण बोहल्यावरून निघून गेला, अशी परंपरेची आख्यायिका आहे. तो शब्द मंडपांत सर्वांनींच ऐकला. त्याचा अर्थ घेणारा एकच निघाला. आगबोटीच्या यंत्राचा आवाजही सर्व उतारू ऐकतात. त्याचा अर्थ लावण्याची विद्या माणसानें कशी मिळविली, तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुएझकडे निघाली, तेव्हां तिच्या दोन्ही अंगांस मोठीं चाकें होतीं. चाकाची फळी मोडली तर ती कोणासही दिसे. पुढें चाकें गेलीं आणि पंखा आला. तो पाण्याखालीं, आणि त्यास फिरविणारा दांडा बोटीच्या पोटांत. तेव्हांपासून डोळ्यांचें काम कानांवर आणि तळहातावर येऊन पडलें.

हा मळसूत्री पंखा रूढ करण्याचें पुष्कळसें श्रेय फ्रान्सिस पेटिट स्मिथ ह्या इंग्रज शेतकऱ्यास आहे. त्यानें १८३६ सालीं पेटंट घेतलें. पुढील वर्षीं लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यांत प्रयोग चालू असतां त्याच्या लांकडी मळसूत्राचा अर्धा भाग मोडून पडला. आणि नवल असें कीं, बोट मंद न होतां अधिकच वेगानें धांवूं लागली! मोडलेल्या वस्तूकडे चिडून न पाहतां जिज्ञासेनें पाहिलें, म्हणून पंख्याचा योग्य आकार हातीं लागला.

परंतु नवी अडचण लौकरच उभी राहिली. दांडा बोटीबाहेर पडतो तेथें त्यास पितळी बेअरिंगांचा आधार असे. हीं बेअरिंगें थोड्याच सफरींत झिजत. दांडा हेलकावे घेऊं लागे, बोटीचा मागील भाग थरथरे आणि पाणी आंत येई. १८५४ सालीं जॉन पेन ह्या यंत्रज्ञानें तेथें लिग्नम व्हिटी नांवाच्या लांकडाच्या पट्ट्या बसविल्या. हें लांकूड इतकें जड कीं तें पाण्यांत बुडतें. त्यास तेलाची गरज नव्हती. समुद्राचें पाणीच वंगणाचें काम करी. पुढें लहान बोटींत लांकडाची जागा खांचा पाडलेल्या रबरानें घेतली. तत्त्व मात्र तेंच राहिलें.

तिसरा धडा चार्लस पार्सन्स ह्यानें शिकविला. १८९४ सालीं त्याची ‘टर्बिनिया’ पाण्यांत उतरली. परंतु यंत्र बलवान असूनही अपेक्षित वेग मिळेना. पंखा इतक्या जोरानें फिरे कीं त्याच्या पात्यांजवळ पाण्याची वाफ होऊन पोकळ्या निर्माण होत, आणि जोर तेथेंच वायां जाई. अशा पोकळ्या फुटतांना खडी आदळल्यासारखा आवाज होतो, आणि पात्यांचा धातूही कुरतडला जातो. पार्सन्सनें एका दांड्याचे तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन पंखे बसविले, आणि १८९७ सालीं स्पिटहेड येथें आरमारी जहाजांच्या रांगांमधून ती बोट सुमारें ३४ नॉट वेगानें धांवली. दोष यंत्रांत नव्हता. तो यंत्र आणि पाणी ह्यांच्या भेटींत होता.

ह्या साऱ्या इतिहासाचा उपयोग आज जुनी मोटारबोट विकत घेणाऱ्यासही होतो. १९२२ सालीं अमेरिकेंत राल्फ सॅम्युएलसन ह्यानें पेपिन सरोवरावर पाण्यावरील स्कीचा खेळ साधला. त्या खेळासाठीं निघालेल्या अनेक बोटींत इंजिन मध्यभागीं असतें आणि दांडा तिरपा तळांतून बाहेर जातो. अशी बोट थरथरूं लागली तर पहिला प्रश्न हा कीं, थरथर इंजिनाची कीं दांड्याची? गिअर काढून इंजिन तितक्याच फेऱ्यांवर फिरवावें. थरथर कायम राहिली तर इंजिन व त्याचे पाये तपासावे. थांबली तर दोष बहुधा गिअरच्या मागें, दांड्यांत वा पंख्यांत आहे. मंद गतींत गिअर घालतांच खडखड ऐकूं आली, तर इंजिन व गिअर ह्यांमधील स्प्रिंगांच्या तबकडीचा संशय घ्यावा. मग बोट बाहेर काढून पंख्याचीं पातीं वांकलीं आहेत काय, दांडा हातानें हलविल्यास बेअरिंगांत ढिला लागतो काय, हें पाहावें. शेवटीं बोट पुन्हां तरंगत ठेवून गिअर व दांडा जोडणाऱ्या कप्लिंगच्या दोन तोंडांतील फट चहूंकडून मोजावी. तिच्यांतील फरक इंचाच्या तीन-चार सहस्रांशांहून अधिक नसावा. जमिनीवर बोटीचा तळ किंचित् वांकतो, म्हणून तेथें घेतलेलें माप फसवें ठरतें. हा क्रम सोडून जो एकदम नवा पंखा आणतो, त्याचे पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

परंतु कानाच्या विद्येसही मर्यादा आहे. १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पावसाळी समुद्र खवळला, लाटांचें पाणी आंत शिरूं लागलें, घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले आणि बोट कलंडली. ६०० हून अधिक माणसें बुडालीं. झिजलेलें बेअरिंग दिवसानुदिवस कुरकुरून सूचना देतें. भरलेल्या बोटीचा तोल जातांना अशी सवड मिळत नाहीं. म्हणून दांड्याचा नाद ऐकणाऱ्यानें आभाळ, लाटा आणि उतारूंची गणती ह्यांकडेही तितकेंच लक्ष द्यावें. यंत्र बोलतें तेव्हां ऐकावें, हें अर्धें सावधपण. जें बोलत नाहीं तें निघण्यापूर्वींच पाहावें, हें उरलेलें अर्धें.